दाताच्या टोकाला सिमेंट भरून आलो, त्याची गोष्ट

रूट कॅनल केलेल्या दातात परत पू होतो का? होतो. गावात जो भेटला त्यानं मला हेच विचारलं, "नस तं काढली होती ना बे, मंग आता काय पिकून राहिलं तिथं?" आणि प्रत्येकाला उभ्या उभ्या समजावून सांगता सांगता माझंच तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. ज्याला हे ऑपरेशन, म्हणजे हिरडी उघडून दाताच्या मुळाचं टोक कापायचं आणि तिथं बूच मारायचं, सांगितलंय त्याला कामी येईल, बाकीच्यांनी नुसतं वाचा.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातला. रोडवरच्या गावात सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे, थोडी शेती आहे, कापूस आणि तूर. दात वरचा, समोरच्या दोन मोठ्या दातांच्या बाजूचा. तरुणपणी कबड्डीत कोणाचं तरी डोकं लागलं होतं, पुढं तो दात काळपट झाला, मग कधीतरी रूट कॅनल करून आत धातूचा पोस्ट, म्हणजे कॅपला आधार द्यायची काडी, बसवला आणि वरून कॅप. त्यानंतर बरीच वर्षं काही म्हणजे काहीच नाही, ऊस खाल्ला, हुरडा खाल्ला. मग एक दिवस कॅपच्या वर हिरडीत ज्वारीच्या दाण्याएवढी पुटकुळी आली. दुखत नाही, ठणकत नाही. दोन-चार दिवसांनी फुटायची, तोंडात खारट पाणी यायचं, बसून जायची, आणि थोड्या दिवसांनी त्याच जागी परत हजर.

दुखत नाही म्हणजे काही नाही असं आपल्याकडं सगळे धरून चालतात. इथं उलटं आहे. पूला बाहेर यायला वाट मिळाली, आत दाब राहिला नाही, म्हणून दुखत नाही. रोग तिथंच मुक्काम करून असतो.

तालुक्याच्या डॉक्टरनं एक मस्त गोष्ट केली. रूट कॅनलमध्ये भरतात ती गटापर्चाची बारीक गुलाबी काडी असते ना, ती त्या पुटकुळीच्या भोकातून हळूच आत सरकवली आणि तसाच एक्सरे काढला. काडी वाकडी होत होत बरोबर दाताच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबलेली दिसली, आणि टोकाभोवती हाडात काळा गोल डाग. म्हणजे पू कुठून येऊन राहिला याचा पत्ताच निघाला. ते म्हणाले, भाऊ, हे माझ्याकडचं काम नाही, सावंगीला जा.

सावंगी मेघे आम्हाला सोयीचं आहे, यवतमाळ-वर्धा रोडवरच आहे, कळंबहून एसटीत बसलं की देवळी मागं टाकून थेट. तिथं दाताचं कॉलेज आहे, एमडीएस, म्हणजे दाताचं पुढचं शिक्षण, शिकणारे डॉक्टर असतात, वर त्यांचे सर लोक. गर्दी असते, केसपेपर, लाईन, एक्सरेची लाईन वेगळी, सगळं असतं, त्यात काही नवल नाही.

माझ्या वाट्याला एक मॅडम आल्या, आमच्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी सीबीसीटी नावाचा स्कॅन काढायला लावला, तो उभा-आडवा सगळीकडून हाड दाखवतो. त्यात दिसलं की मुळाच्या टोकाभोवतीचं हाड तर गेलंच, पण ओठाकडची हाडाची पातळ भिंतसुद्धा एका जागी खाऊन टाकलेली. म्हणूनच पू बाहेर येत होता.

मग त्यांनी तीन रस्ते सांगितले. पहिला, कॅप काढा, पोस्ट काढा, रूट कॅनल परत करा. साधारण हाच पहिल्यांदा करून पाहायचा असतो असं त्या स्वतःच म्हणाल्या, पण माझा पोस्ट जाड आणि लांब, ओढून काढताना मूळ उभं चिरलं तर दात तिथंच संपला. दुसरा रस्ता, दात काढून टाका आणि ब्रिज (बाजूच्या दातांच्या आधारानं बसवलेला खोटा दात) बसवा नाहीतर इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून बसवलेला), पण हाड खाल्लेलं असल्यामुळं इम्प्लांटसाठी आधी हाड भरायचं वेगळं काम आणि वेगळा खर्च. तिसरा, कॅपकडून जाता येत नाही तर उलट्या बाजूनं जायचं. हिरडी उघडायची, हाडातून मुळाच्या टोकापर्यंत पोचायचं, टोक कापायचं आणि कापलेल्या जागी मुळाच्या आतल्या नळीचं तोंड बंद करायचं. याला एपिकोएक्टोमी म्हणतात, आणि शेवटच्या त्या बूच मारण्याला रूट एंड फिलिंग किंवा रेट्रोग्रेड फिलिंग.

घरी आलो तर सगळ्यांचं एकच, काढून टाक. मोठे मामा तर म्हणाले, "बावा, त्या दातात काय सोनं हाय का? मायाबी असाच कापला होता नागपूरले, अन् मंग गेलाच ना." बायको मात्र म्हणाली, "समोरचा दात हाय, काढून टाका म्हनायले लोकायचं काय जाते." तिचं पटलं.

मामाचं हे प्रकरण आधी सांगतो, कारण त्यावरून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. मामाचं ऑपरेशन फार जुनं. तेव्हा मुळाच्या टोकाला अमाल्गम भरायचे, आपण ज्याला चांदी भरणं म्हणतो ते, पारा आणि चांदी-कथिलाची पावडर. मामाचा ओठ वर केला तर हिरडीवर अजून निळसर काळा डाग दिसतो, गोंदल्यासारखा. दात जाऊन जमाना झाला तरी डाग आहे. मॅडमना सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, अमाल्गम टॅटू. धातूचे कण हिरडीत राहून जातात. आणि डाग ही तर वरवरची गोष्ट, खरी भानगड अशी की अमाल्गमला भरताना कोरडी जागा लागते, आणि हाडाच्या खड्ड्यात रक्त असताना कोरडं कुठून आणणार. वर ते गंजतं, कडेनं झिरपायला जागा राहते. मुळाचं टोक कापलं पण तोंड धड बंद झालं नाही तर आतले जंतू परत हाडात उतरणार. म्हणजे मामाचं कापणं चुकलं असंच काही नाही, बूच टिकलं नसेल.

हे मला एकदम समजलं, कारण आमचा धंदाच तो. स्लॅबचं पाणी गळतं तेव्हा माणूस म्हणतो स्लॅब खराब आहे, नव्वद टक्के वेळा सांधा खराब असतो.

आता मुळात टोक कापायचंच कशाला? मी विचारलं, आतली नळी एकच असते ना, मग ती साफ करून भरली होती तर जंतू राहिले कुठं. तर नळी टोकाशी एक राहत नाही. तुरीचं झाड उपटलं की मुख्य मुळाच्या शेवटी बारीक धाग्यांचा गुंता दिसतो, तसे मुळाच्या टोकाशी नळीला बारीक फाटे फुटलेले असतात. तिथं ना सुई पोचते ना औषध. हे फाटे बहुतेक शेवटच्या 3 मिलिमीटरमध्ये असतात. म्हणून तेवढा तुकडा उडवतात. 3 मिमी कापलं की टोकाचे 98 टक्के फाटे आणि बाजूच्या नळ्यांपैकी 93 टक्के निघून जातात असा हिशेब मॅडमनी सांगितला. यापेक्षा जास्त कापलं तर फायदा वाढत नाही, दात मात्र आखूड होतो.

सहीच्या कागदावर व्यवसाय लिहायचा होता. मी सांगितलं, सिमेंटचं दुकान. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "काका, मग तुम्हाला समजवायला सोपं आहे. तुमच्या दातात आम्ही तुमचाच माल भरणार आहोत."

मला वाटलं गंमत करून राहिल्या. गंमत नव्हती. त्या पदार्थाचं नाव एमटीए, मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट. त्यात 75 टक्के पोर्टलँड सिमेंट, 20 टक्के बिस्मथ ऑक्साइड आणि 5 टक्के जिप्सम. बिस्मथ कशाला, तर नुसतं सिमेंट एक्सरेत नीट उठून दिसत नाही, बिस्मथमुळं पांढरं ठळक दिसतं, भरलेलं जागेवर बसलं की नाही हे कळलं पाहिजे ना. आणि जिप्सम तर आपल्या गोणीतल्या सिमेंटमध्येही असतंच, नाहीतर पाणी टाकल्या टाकल्या माल आवळून जाईल.

हे काढलं अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा युनिव्हर्सिटीत, महमूद तोराबिनेजाद नावाच्या दाताच्या प्रोफेसरनं. 1993 मध्ये पहिल्यांदा त्याबद्दल छापून आलं आणि 1998 मध्ये तिकडच्या एफडीएनं, म्हणजे औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी खात्यानं, वापरायला मंजुरी दिली. आता पोर्टलँड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिननं घेतलं 1824 मध्ये. म्हणजे जवळपास पावणेदोनशे वर्षं जग यानं घरं-पूल बांधत होतं आणि दातात भरायचं शहाणपण इतक्या उशिरा सुचलं. हे मी घरी आल्यावर पोराकडून शोधून घेतलं, दुकानात बसल्या बसल्या दुसरं काय काम, पावसाळ्यात गिऱ्हाईक असतं कुठं. तारीखही मी मुद्दाम पावसाळ्यातलीच घेतली होती, पेरणी आटोपल्यावरची. मे महिन्यात घरकुलवाले गोण्यांसाठी दारात उभे असतात, तेव्हा दुकान सोडून दात धरून कोण बसणार.

सिमेंटच का, याचं उत्तर पाण्यात आहे. बाकी जे काही दातात भरतात त्याला ओल चालत नाही. अमाल्गमनंतर आयआरएम आणि सुपर ईबीए असे दोन प्रकार आले, झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचे, युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातलं मुख्य द्रव्य, ते चांदीपेक्षा बरे होते, पण ओलीच्या जागेत अडचण यायचीच. सिमेंटला उलट पाणी पाहिजे. पाणी मिळालं तरच ते जमतं. आपण कॉलमला पोती गुंडाळून आठ-आठ दिवस पाणी मारतो ते कशासाठी? इथं ते काम हाडातली ओल आपोआप करते. शिवाय जमताना त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे चुन्याची निवळी जशी असते ते, निघत राहतं. कालवल्याबरोबर त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-खाराचं माप, 10.2 असतो आणि तीन तासांत साडेबारापर्यंत चढतो. इतक्या खारात जंतूंचं काही चालत नाही. आणि आजूबाजूच्या पेशी त्याला परकं मानत नाहीत, त्याच्यावर मुळाचं नवीन आवरण, ज्याला सिमेंटम म्हणतात, ते चढत जातं. अमाल्गमवर हे होत नाही.

ताकदीचाही आकडा पाहिला. आपण 53 ग्रेड म्हणतो, म्हणजे 28 दिवसांत 53 मेगापास्कल दाब सोसायची ताकद. एमटीएचं मूळ तपासणीतलं माप, एका दिवसात 40 आणि 21 दिवसांत 67. बिस्मथ मिसळून एवढं! अर्थात त्या जागेवर चावायचा जोर येतच नाही, ती ताकद तिथं फारशी कामाची नाही, पण दुकानदाराच्या डोळ्याला आकडा दिसल्यावर तुलना होणारच.

कोणी म्हणेल मग दुकानातलंच का नाही भरत. नका विचारू असं कुठं, मी विचारून बसलोय. दातासाठीचा माल वेगळा शुद्ध केलेला, एकसारखा बारीक दळलेला, जड धातू तपासलेला असतो, बांधकामाच्या सिमेंटमध्ये आर्सेनिकसारख्या गोष्टी किती हे कोणी दातासाठी बघत नाही. एका ग्रॅमची पुडी येते. तिची किंमत ऐकून मी गप्प बसलो, तेवढ्यात आमच्याकडच्या गोण्या उतरल्या असत्या.

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासलं, शुगर, बीपी, रक्त किती वेळात थांबतं ते, एचआयव्ही-कावीळ. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का हे दोनदा विचारलं. माझी बीपीची गोळी आहे, ती सकाळी घेऊनच या म्हणाले, आणि पोटभर जेवून या. आणि खर्रा, म्हणजे आमच्याकडचा तंबाखू-सुपारीचा घोटलेला माल, बंद. हे त्यांनी माझं तोंड उघडल्याबरोबर ओळखलं होतं. तंबाखूनं रक्तपुरवठा आवळतो, जखम भरत नाही, टाके उघडू शकतात. विदर्भात राहून खर्रा सोड म्हणणं सोपं आहे, चौकात उभं राहिलं की चार जणं पन्नी पुढं करतात. पण सोडला तेवढे दिवस.

खुर्चीवर झोपवलं, डोळ्यांवर कापड, छातीवर हिरवी चादर, वर मोठा मायक्रोस्कोप. इंजेक्शन तीन-चार ठिकाणी टोचलं, वरच्या ओठाच्या आत आणि एक टाळूला. टाळूचं लागतं, खोटं कशाला सांगू, डोळ्यातून पाणी आलं. बाकीचं काही नाही. त्या औषधात अ‍ॅड्रिनलिन असतं, त्यानं बधिर जास्त वेळ राहतं आणि रक्तही कमी येतं. पण लगेच सुरू केलं नाही, चांगली दहा-पंधरा मिनिटं नुसतं पडून ठेवलं. हिरडी पांढरी पडली की मग.

नंतर जे झालं ते दुखलं नाही, फक्त ऐकू आलं. हिरडीचा काप कॅपच्या अगदी काठावरून नाही घेतला, थोडा वरून घेतला, नाहीतर जखम भरताना हिरडी वर सरकते आणि कॅपची काळी कड उघडी पडते, समोरच्या दातात ते वाईट दिसतं. हिरडी वर उचलली तर हाडाला भोक आधीच पडलेलं. तेच जरा मोठं केलं, सारखं सलाईनचं पाणी सोडत. आतली मांसाची गाठ खरवडून काढली आणि औषधाच्या बाटलीत टाकली, तपासायला. मग टोक कापलं. पूर्वी हे तिरपं कापायचे, बघणाऱ्याला तोंड दिसावं म्हणून, पण तिरपं कापलं की दाताच्या आतल्या बारीक नळ्या जास्त उघड्या पडतात आणि गळती वाढते. आता मायक्रोस्कोप आणि बारीक आरसे आहेत, म्हणून जवळपास सरळ कापतात.

कापलेल्या तोंडावर निळी शाई लावली, मिथिलिन ब्ल्यू. शाई कडेला आणि फटीत थांबते, त्यामुळं मुळाला चीर आहे का आणि आधी भरलेला मसाला कुठं सुटलाय हे दिसतं. सर मागं उभे होते, त्यांनी आयपीसमधून पाहिलं आणि म्हणाले, "बघ, इथं गॅप." गटापर्चा आणि नळीच्या भिंतीमध्ये निळी चंद्रकोर दिसत होती म्हणे. चीर नव्हती. चीर असती तर तिथंच थांबून दात काढावा लागला असता, हे आधीच सांगून ठेवलं होतं, तेवढा वेळ माझ्या हाताची मूठ सुटली नाही.

मग अल्ट्रासॉनिकचं, म्हणजे फार वेगानं थरथरणारं, वाकडं टोक. चीं असा बारीक आवाज, डोक्यात घुमणारा, आणि गरम झालेल्या गटापर्चाचा वास. त्यानं मुळाच्या आतून, नळीच्याच रेषेत, 3 मिमी खोल खड्डा केला. पूर्वी हा खड्डा साध्या ड्रिलनं करायचे, पण ड्रिलचं मुंडकं त्या जागेत मावत नाही, तिरपं जातं आणि मुळाला बाजूनं भोक पडायची भीती. हा खड्डा आणि त्याचं बूच, सगळा खेळ एवढ्यावर.

रक्त थांबवायला औषधात भिजवलेले कापसाचे बारीक बोळे हाडाच्या खड्ड्यात दाबून ठेवले. किती घातले ते नर्सबाई मोठ्यानं मोजत होत्या आणि काढतानाही मोजले, कापसाचा धागा राहिला तर जखम भरत नाही. आणि मग काचेच्या पट्टीवर एमटीए कालवलं, तीन भाग पावडर आणि एक भाग पाणी. माझं तोंड बंद असल्यागत, नुसते डोळे, तेही कापडाखाली, तरी कान टवकारून होतो. मॅडम म्हणाल्या पाणी जास्त झालं, सर म्हणाले गॉझनं टिपून घे. तंतोतंत आमच्या साईटवरचा मिस्त्री आणि हेल्पर. माल रवाळ राहिला पाहिजे, सैल झाला की दाबताच येत नाही. बारीक कॅरिअरनं थोडा थोडा उचलायचा, खड्ड्यात सोडायचा, बारीक प्लगरनं ठोकायचा, परत थोडा. सर सारखे म्हणत होते, "घाई नको, कॉम्पॅक्ट कर." मला उठून सांगावंसं वाटलं, मॅडम, व्हायब्रेटर लावा.

भरल्यावर कडेचं ओल्या कापसानं पुसून घेतलं. खड्डा सलाईननं धुवायचं काम सगळं भरायच्या आधी उरकलं होतं, नंतर पाण्याचा फवारा मारला तर ताजा माल वाहून जातो. एक एक्सरे काढला, मुळाच्या टोकाला पांढरा ठिपका, सर "गुड" म्हणाले आणि हिरडी परत जागेवर बसवून बारीक टाके. त्यावर ओला गॉझ दाबून धरला थोडा वेळ.

बधिरपण उतरल्यावर माझा पहिला प्रश्न हाच होता. आपल्या सिमेंटला पहिला सेट यायला अर्धा तास तरी जातो आणि पूर्ण सेट व्हायला दहा तासांपर्यंत मुभा असते, तुमचं किती? मॅडम म्हणाल्या, मूळ एमटीएला पावणेतीन तास. मग टाके आधीच कसे घातले? तर म्हणे, तिथं जोर येत नाही, हलत नाही, आणि ओल आहेच, ते आपलं आपण जमतं. बायोडेंटिन म्हणून एक नवीन प्रकार आहे, तो बाराएक मिनिटांत सेट होतो, त्याच्या पाण्यात कॅल्शियम क्लोराईड असतं. हे ऐकून मी म्हटलं, आमच्याकडं आरसीसीत कॅल्शियम क्लोराईड टाकलं की सळई गंजते, इंजिनिअर टाकू देत नाही. त्या म्हणाल्या, काका, मुळाच्या टोकाला सळई नसते. बरोबर आहे, माझा पोस्ट तिथून बराच खाली होता. बायोडेंटिन एक्सरेत थोडं फिकट दिसतं, म्हणून माझ्यात एमटीए घातलं. एमटीएचा एक दोष म्हणजे दात काळपट करू शकतं, पण ते दाताच्या दिसणाऱ्या भागात भरलं तर, मुळाच्या टोकाशी कोणाला दिसतं.

घरी आलो त्या दिवशी बर्फ, दहा-वीस मिनिटं लावायचा, तेवढाच वेळ काढून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सुजलो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते हे सांगितलं होतं, तरी आरसा पाहून धडकी भरली, वरचा ओठ लोंबला आणि डोळ्याखाली निळं. गावात पसरलं की दुकानदाराचं कोणासंग तरी वाजलं. एक जण तर खरंच विचारत आला, "कोनं मारलं भाऊ, नाव सांग फक्त."

आणि जो येईल तो, "दाखव बरं." हे कोणी ऐकू नका. ओठ वर उचलून दाखवायचंच नाही, टाके ताणतात, हिरडी अजून हाडाला चिकटलेली नसते. मी मामालासुद्धा दाखवलं नाही, ते रुसून गेले. खाण्यात कोमट वरण-भात, ज्वारीच्या कण्या आणि ताक, घोटलेली खिचडी. तिखट, गरम, कडक काही नाही. त्या बाजूला ब्रश नाही, क्लोरहेक्सिडिनच्या औषधानं खळखळ न करता हळू चूळ. त्या औषधानं जिभेची चव जाते आणि दात जरा पिवळे-तपकिरी होतात, घाबरू नका, नंतर साफ करून देतात. दुखणं म्हणाल तर गोळीत भागलं, रूट कॅनलच्या वेळी यापेक्षा जास्त दुखलं होतं.

टाके आठवड्याच्या आत काढले. गाठीचा रिपोर्ट आला, पेरिएपिकल ग्रॅन्युलोमा, म्हणजे जंतूंमुळं झालेली सुजेची गाठ, दुसरं काही नाही. खर्रा खाणाऱ्या माणसाला तो कागद हातात पडेपर्यंत काय काय वाटतं ते लिहीत नाही.

यशाचं मी विचारलं होतं. 2010 मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशेब काढला होता, त्यात जुन्या पद्धतीनं, म्हणजे अमाल्गम आणि साधं ड्रिल, 59 टक्के केसेस बऱ्या झाल्या आणि मायक्रोस्कोप, अल्ट्रासॉनिक आणि नवीन मसाल्यानं 94 टक्के. मामाला हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे म्या त्या एकेचाळीसात." मग मात्र ओठ दाखवला त्यांना, तोवर जखम भरली होती.

सहा महिन्यांनी एक्सरेचा फोटो काढला तेव्हा काळा डाग लहान झाला होता. वर्षानंतरच्या फोटोत मुळाच्या टोकाशी पांढरा ठिपका आणि त्याच्या भोवती हाडाची जाळी जवळजवळ पूर्ण भरलेली, एका कडेला पातळ काळी रेघ आहे, तिला अजून वेळ द्यायचा म्हणाले, काही जणांचं हाड भरायला वर्षाच्या वर जातं. पुटकुळी परत आली नाही. दात हलत नाही, हिरडीवर बारीक पांढरी रेघ आहे, बोट लावून शोधली तरच सापडते.

ज्याला जायचं आहे त्यानं जुने एक्सरे असतील तर घेऊन जा, रूट कॅनल कधी केलं आणि पोस्ट आहे का ते सांगा. आणि मुळाच्या टोकाला काय भरणार, मायक्रोस्कोप आहे का, अल्ट्रासॉनिक वापरता का, हे खुशाल विचारा. घर बांधताना गोणीवरची तारीख वाचून घेता ना? सोबत एक माणूस न्या, येताना तोंड सुन्न असतं, कंडक्टरला 'कळंब' म्हणताना माझं काहीतरी भलतंच निघालं आणि त्यानं यवतमाळचं तिकीट फाडलं.